स्ट्रोकर इंजिनाला कॅम कोणती, स्प्रिंग कुठली?

एप्रिल महिना. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माझ्या एका मित्राचा काजूचा डोंगर आहे. वरून बोंडूंचे, म्हणजे काजूच्या फळांचे, डबे भट्टीवर उतरवायला त्याची खुली जीप. नावाला जीप, बॉनेटखाली अमेरिकन व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरांचं इंजिन. मस्कतच्या गॅरेजात मी अकरा वर्षं असलीच इंजिनं उघडली आणि मिटली, म्हणून ते बांधायचा मान माझा. ३५० घन इंचांचं ३८३ केलं आणि कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) निवडताना मीच हौस करून घेतली. स्लोवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, आवाज असा, की शिग्म्याचे ढोल दारात आले असं वाटावं. वाड्यावरची पोरं फाटकाशी मोबाईल धरून उभी.

मग एके दिवशी भरलेले डबे घेऊन उतारावर मित्राने ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल दगड. दोन्ही पाय देऊन गाडी थांबली, तीही पुढचं चाक एका काजूच्या बुंध्याला टेकल्यावर. दोन डबे उलटले आणि बोंडू गडगडत थेट खालच्या वहाळात. ब्रेक उघडून बघितले, सगळं ठीक. मग इंजिनाची हवेची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला. साधं इंजिन स्लोवर पाऱ्याचे १७-१८ इंच दाखवतं, आमचं ९ दाखवत होतं. पायाच्या जोराला हात देणारा ब्रेकचा बूस्टर त्या व्हॅक्यूमवर जगतो. म्हणजे चूक ब्रेकची नव्हती, कॅमची होती. आणि कॅम माझी.

तेव्हापासून कोणी "काका, स्ट्रोकर करतोय, मोठ्यात मोठी कॅम सांगा" असं म्हटलं की मी त्याला आधी बसवतो आणि हे सगळं सांगतो.

स्ट्रोक म्हणजे पिस्टन खालून वर जेवढा प्रवास करतो तो. गोव्यात बुलेट सगळ्यांच्या ओळखीची, म्हणून तिच्यावरून बघू. जुन्या ३५० बुलेटचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी. गोल भोकाचं क्षेत्रफळ गुणिले उंची केली की ३४६ सीसी येतात. बोअरला हात न लावता स्ट्रोक एक मिमी वाढवला तर जवळजवळ ३.८५ सीसी वाढतात. रॉयल एनफिल्डने स्वतःच स्ट्रोक वाढवलेला आहे: मिटिऑर ७०० मध्ये याच ७० बाय ९० च्या मापाचे दोन सिलिंडर होते, पुढे ७३६ सीसीच्या इंटरसेप्टरला तेच ७१ बाय ९३ झाले. क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची, कोपर थोडी लांब केली की पिस्टन जास्त खाली जातो, जास्त वर येतो. एवढंच स्ट्रोकर.

जीपमधलं व्ही-एट म्हणजे शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक. हे घराणं १९५५ साली आलं. त्यातल्या ३५० ला बोअर १०१.६ मिमी, स्ट्रोक ८८.४. त्याच घराण्यातल्या ४०० च्या क्रँकचा स्ट्रोक ९५.२५. पूर्वी लोक त्या ४०० च्या क्रँकचे मेन जर्नल (ब्लॉकातल्या बेअरिंगांत फिरणारे गोल भाग) लेथवर घासून ३५० च्या ब्लॉकात बसवत, बोअर ३० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवत, आणि ३८३ घन इंचांचं, म्हणजे ६.३ लिटरच्या आसपासचं इंजिन मिळवत. आता तयार क्रँक मिळते. ५.७ लिटरवरून ६.३, म्हणजे साधारण नऊ टक्के जास्त पोट. पण नाक तेवढंच राहिलं. हेड तेच, व्हॉल्व तेच, कार्ब्युरेटर तोच. कॅमचा सगळा गुंता इथून सुरू होतो.

कॅम म्हणजे इंजिनाचं श्वासाचं वेळापत्रक. व्हॉल्व किती उघडायचा ती लिफ्ट, किती वेळ उघडा ठेवायचा ते ड्युरेशन, आणि इनलेट (हवा आत घेणारा) व एक्झॉस्ट (धूर सोडणारा) व्हॉल्व उघडणारे कॅमवरचे उंचवटे, म्हणजे लोब, एकमेकांपासून किती अंशांवर ठेवायचे तो लोब सेपरेशन. ड्युरेशन क्रँकच्या अंशांत मोजतात, आणि इथे पहिली फसगत होते. डब्यावर छापलेला आकडा टॅपेट (लोबवर टेकून उचलला जाणारा ठोकळा) जेमतेम हलल्यापासूनचा असतो. प्रत्येक कंपनी तो आपल्या सोयीने मोजते. दोन कंपन्यांच्या कॅम ताडून बघायच्या तर "५० थाऊचा आकडा" मागावा, म्हणजे टॅपेट १.२७ मिमी उचलला गेल्यावर मोजलेले अंश. डब्यावर २७० लिहिलेली कॅम ५० थाऊला २१८ ते २२४ च्या आसपास भरते. हा दुसरा आकडा कंपनी सांगत नसेल, तर तिची कॅम घेऊ नये, असं माझं मत.

मोठ्या पोटाच्या इंजिनात तीच कॅम लहान होते. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण पोळीच्या हिशोबासारखं आहे: चौघांसाठी लाटलेल्या पोळ्या पाच जणांत वाटल्या की प्रत्येकाला कमी. ३५० मध्ये जी कॅम साडेपाच हजार आरपीएमला पूर्ण ताकद द्यायची, तीच ३८३ मध्ये पाच हजारांच्या थोडं वर गेली की दमते, कारण प्रत्येक सिलिंडर आता जास्त हवा मागतो आणि व्हॉल्व तेवढाच वेळ उघडा असतो. म्हणून लोकांना मोठी कॅम लावावीशी वाटते. थोडी मोठी लावणं बरोबरही आहे. बिघडतं ते "थोडी" या शब्दावर.

कारण स्ट्रोक वाढवला की इंजिनाने धावायची मर्यादाही खाली येते. पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे स्ट्रोकची दुप्पट गुणिले फेरे. ८८.४ च्या स्ट्रोकला ६००० आरपीएमवर तो सेकंदाला १७.७ मीटर येतो. ९५.२५ ला तोच वेग ५५७० च्या आसपासच गाठला जातो. पिस्टन, त्याला क्रँकशी जोडणारा रॉड आणि बोल्ट यांच्यावर तेवढाच ताण ठेवायचा तर सव्वाचारशे फेरे सोडून द्यावे लागतात. आता जी कॅम ६५०० ला फुलते ती ५५०० ला थांबणाऱ्या इंजिनात घालून काय मिळणार? वरची ताकद वापरायलाच मिळत नाही, आणि तिच्यासाठी खालची ताकद गहाण पडते. चोर्ल्याच्या घाटात दुसऱ्या गिअरवर लागते ती खालचीच.

खालची ताकद कशी जाते तेही बघून घ्या. पिस्टन खाली जाऊन वर यायला लागला तरी इनलेट व्हॉल्व काही वेळ उघडा असतो. वेगात धावणाऱ्या इंजिनात हवेला झोक असतो, ती तरीही आत घुसते. हळू चालताना झोक नसतो, आणि वर येणारा पिस्टन भरलेली हवा पुन्हा बाहेर ढकलतो. माझी पहिली कॅम २९२ अंशांची होती, १०८ च्या लोब सेपरेशनवर. इनलेट बंद व्हायचा पिस्टन तळापासून परतल्यानंतर जवळजवळ ७२ अंशांनी. तोवर ९५ मिमीपैकी ७० मिमीच प्रवास उरलेला. म्हणजे स्ट्रोक वाढवायला पैसे मोजले आणि त्यातला चौथा हिस्सा हवा बाहेर हाकलण्यात गेला. दुसरी कॅम लावली ती २७० ची, ११२ वर. ती ६३ अंशांना बंद होते, साडेपंच्याहत्तर मिमी उरतात. कागदावर साडेनऊचं कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) असलेलं माझं इंजिन पहिल्या कॅमवर खरं तर ७.२ ने दाबत होतं, दुसऱ्या कॅमवर पावणेआठने. फरक पायाखाली कळतो.

ओव्हरलॅपचं, म्हणजे दोन्ही व्हॉल्व एकत्र उघडे राहण्याचं, गणित त्याहून सोपं. दोन्ही ड्युरेशनची सरासरी घ्या, त्यातून लोब सेपरेशनची दुप्पट वजा करा. २९२ वजा २१६ म्हणजे ७६ अंश. एवढा वेळ इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही उघडे. दुसऱ्या कॅमला २७० वजा २२४, ४६. पुढची आणि मागची दारं एकाच वेळी उघडी ठेवली तर घरात वारा आरपार जातो. वेगात ते फायद्याचं, कारण बाहेर पळणारा धूर नवी हवा खेचून घेतो. स्लोवर मात्र उलटा धूर इनलेटमध्ये शिरतो, इंजिन अडखळतं आणि व्हॅक्यूम पडतो. ढोलाचा तो आवाज म्हणजे हेच अडखळणं. पोरांना ताकद वाटते ती.

कॉम्प्रेशनबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. ३५० मध्ये पिस्टन वर आल्यावर उरणारी सगळी जागा मिळून ८४ सीसी असेल तर कॉम्प्रेशन साडेनऊला एक येतं. तीच जागा ठेवून ३८३ केलं तर ते आपोआप १०.३ होतं, कारण दाबायची हवा वाढली, कोंडायची जागा तीच राहिली. साध्या पेट्रोलवर, ओतीव लोखंडाचं हेड असताना, मेच्या उन्हात हे इंजिन नॉक करणार, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून आतून ठोके देणार. म्हणून स्ट्रोकरला खोलगट डोक्याचे पिस्टन घालतात. कॅम ठरवायच्या आधी हे कॉम्प्रेशन हातात हवं. जास्त असेल तर थोडी लांब कॅम चालते, कमी असेल तर लांब कॅमने इंजिन मरगळतं. कॅम आधी मागवून मग पिस्टन शोधणारे मी बघितलेत. ते चपलेच्या मापाने पाय शोधण्यासारखं.

स्ट्रोकरची एक खास भानगड मात्र कॅटलॉगात सापडणार नाही. क्रँकची कोपर लांब झाल्याने रॉडचा खांदा, बोल्टाच्या डोक्याजवळचा भाग, वर फिरताना कॅमच्या लोबला खेटतो. खरंच खेटतो. या व्ही-एटमध्ये कॅम क्रँकच्या बरोबर डोक्यावर असते. जितकी लिफ्ट मोठी, तितका धोका. उपाय दोन: खांदे तासलेले रॉड घ्यायचे, किंवा ज्या कॅमचं मूळ वर्तुळच लहान ठेवलंय ती. तपासायला मी शाळेच्या दुकानातली मुलांची क्ले आणतो, प्रत्येक लोबवर चिकटवतो, आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतो. एक फेरा पुरत नाही, कारण कॅम अर्ध्या वेगाने फिरते. मग क्ले कापून व्हर्नियरने जाडी बघायची. दीड मिमी हवी. सवा मिमी असेल तर मी रॉड काढून ग्राइंडरवर बसतो. तीच क्ले मग पिस्टनच्या डोक्यावर लावून व्हॉल्वचं अंतरही बघून घ्यायचं: इनलेटला किमान दोन मिमी, एक्झॉस्टला अडीच.

आता स्प्रिंग.

व्हॉल्व उघडते कॅम, पण बंद करते स्प्रिंग. लोबच्या टोकावरून टॅपेट उतरायला लागला की त्याला लोबला चिकटवून ठेवायचं काम तिचं एकटीचं. ५५०० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला जवळजवळ ४६ वेळा उघडतो आणि मिटतो. २७० अंशांची एक उघडझाप एका सेकंदाच्या हजारातल्या आठ भागांत उरकते. स्प्रिंग ढिली असेल तर टॅपेट लोबवरून उडतो, व्हॉल्व मिटतो तो आपटून, आणि आपटून पुन्हा उसळतो. याला आम्ही फ्लोट म्हणतो. बाहेरून कळतं ते एवढंच, की एका आकड्यावर पोहोचल्यावर इंजिन पुढे जात नाही, फटफटतं. लोक कार्ब्युरेटर साफ करत बसतात.

किती जोर हवा? फेऱ्यांच्या वर्गाने तो वाढतो: पाच हजारांवरून सहा हजारांवर गेलात की जोर १.४४ पट लागतो. म्हणजे उलटं पाहिलं तर स्ट्रोकरने फेरे सोडून दिले, तेव्हा स्प्रिंगवरचा भारही उतरला. हे मला समजायला बरीच वर्षं लागली. इंजिन मोठं म्हणून स्प्रिंग राक्षसी, असं काही नाही. स्प्रिंगला सीसी कळत नाहीत. तिला लिफ्ट कळते, लोबचा उतार कळतो, व्हॉल्वचं वजन कळतं आणि फेरे कळतात.

या घराण्याच्या मूळ स्प्रिंगला व्हॉल्व मिटलेला असताना साधारण ३६ किलो आणि उघडलेला असताना ९० किलोच्या आसपास जोर असतो. माझ्या दुसऱ्या कॅमची व्हॉल्वपाशी लिफ्ट साडेबारा मिमी. तिच्यासाठी दुहेरी स्प्रिंग (एकीच्या आत दुसरी) घेतली ती दोन्ही मिळून ४५ मिमी उंचीवर ५० किलोची, म्हणजे प्रत्येक व्हॉल्ववर तांदळाचं एक पोतं. दर मिमीला सव्वासहा किलो वाढ. साडेबारा मिमी दाबल्यावर ७८ किलो वाढले, एकूण १२८. सपाट तळाच्या टॅपेटला हे पुरेसं, आणि दीडशेच्या आतलंही. रोलर टॅपेट (तळाला चाक असलेले) असते तर यापेक्षा थोडी कडक चालली असती, किंबहुना लागली असती, कारण रोलरचे लोब जास्त उभे असतात आणि टॅपेट जडही.

दीडशेचं का म्हणतो? मस्कतमध्ये एक गाडी आमच्याकडे आली, दुसऱ्या एका गॅरेजात बांधलेली. सपाट टॅपेटवर शर्यतीच्या दुहेरी स्प्रिंगा. गिऱ्हाईक म्हणे, पिकअप रोज थोडं थोडं कमी होतंय. ऑइल फिल्टर कापून उघडला, तर कागदाच्या घड्यांत रुपेरी पूड, चुंबक लावला की केसांसारखी उभी राहणारी. टॅपेट काढून हातात घेतला. तळ बाहेरून किंचित फुगीर असायला हवा, तिथे नखाने जाणवेल असा खड्डा. लोबचं टोक गोल होऊन गेलेलं. ती पूड मग बेअरिंगांतही गेलेली, म्हणजे कॅमबरोबर क्रँकही. त्या दिवशी मला जास्त कडक स्प्रिंगची भीती बसली ती बसलीच.

स्प्रिंगची उंची मात्र स्वतः मोजावी. प्रत्येक व्हॉल्वची सीट थोडी वेगळी घासलेली असते, त्यामुळे एका हेडवर आठ उंच्या आठ प्रकारच्या निघतात. जिथे उंची जास्त, तिथे खाली शिम (पातळ चकती) घालून सगळ्या ४५ वर आणायच्या. मग पाहायचं, की पूर्ण उघडल्यावर उरलेल्या साडेबत्तीस मिमीत स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत तर नाहीत ना. टेकण्याआधी किमान दीड मिमी बाकी हवा, नाहीतर पुशरॉड (टॅपेटवरची दांडी) वाकतो आणि रॉकर (व्हॉल्व दाबणारी तरफ) तुटतो. फार जास्त मोकळीकही बरी नाही. मधले वेढे मोकळेपणी थरथरतात आणि स्प्रिंग ऐन वेळी आपला जोर हरवते. वरची रिटेनर टोपी आणि व्हॉल्वच्या दांड्यावरचं सील यांच्यातलं अंतरही तेवढंच जपायचं. मोठी लिफ्ट घातली की टोपी सीलवर आपटते आणि निळा धूर सुरू होतो. लोक मग रिंगा बदलतात.

रॉकरचं गुणोत्तर कोणी बदललं तर हा सगळा हिशोब पुन्हा. दीडच्या रॉकरने साडेबारा मिमी देणारी कॅम १.६ च्या रॉकरने १३.३ देते. आठ दशांश मिमी दिसायला काहीच नाही, पण वेढ्यांमधली अर्धी बाकी त्यातच संपते.

जोर मोजायचं यंत्र नसेल तर ड्रिल मशीनच्या टेबलावर माणसाचा वजनकाटा ठेवा, त्यावर स्प्रिंग, आणि हँडलने दाबत व्हर्नियर धरा. काटा १५० किलोपर्यंतचा असावा. तंतोतंत नसेल, पण सोळातली कुठली एक मऊ आहे ते नक्की कळतं. आणि गोव्यात राहून एक सांगायलाच हवं: नव्या स्प्रिंगा पावसात उघड्या शेल्फावर ठेवू नका. तेल चोळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. गंजाचा टाचणीएवढा ठिपका पुढे भेग होतो, आणि कोटी वेळा दाबल्या जाणाऱ्या तारेला एक भेग पुरते. त्याच कारणाने स्प्रिंग पान्याने किंवा पक्कडने ओरखडू नये.

जाता जाता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. ही जीप डोंगर आणि कुळागर सोडून बाहेर येत नाही, म्हणून हा खेळ चालतो. ज्याला रस्त्यावर न्यायची आहे त्याने आधी आरटीओत विचारावं.

नवी सपाट टॅपेटची कॅम लावली की पहिली वीस मिनिटं सगळ्यात जोखमीची. लोबवर मॉलीची काळी पेस्ट, ऑइलमध्ये झिंकचं ॲडिटिव्ह, दुहेरी स्प्रिंग असेल तर आतली काढून ठेवायची, आणि इंजिन सुरू झालं की लगेच २००० ते २५०० फेऱ्यांवर न्यायचं. स्लोवर अजिबात सोडायचं नाही, कारण लोबवर तेल पोहोचतं ते फिरणाऱ्या क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतूनच. म्हणून पेट्रोल, पाणी, इग्निशन सगळं आधी चोख हवं. स्टार्टर दहा वेळा मारला तर पेस्ट तिथेच पुसली जाते.

मित्राच्या अंगणात आम्ही हे केलं ते सकाळी दहाला. वीस मिनिटं व्ही-एट अडीच हजारांवर, शेजारची म्हातारी दारात येऊन कानांवर हात. मग ऑइल बदललं, फिल्टर कापून बघितला. कागद स्वच्छ. बाहेरच्या स्प्रिंगांसोबत आतल्या परत घातल्या, स्लो लावला, गेज बघितला. पंधरा इंच. ढोल थांबलेले. त्या हंगामाचे शेवटचे डबे जीपने उतरवले, ब्रेक एका पायाने लागतो, आणि फाटकाशी व्हिडिओ काढायला आता कोणी उभं राहत नाही.